शर्यतीतील शेवटचा माणूस : हौशी धावकाचा इतिहास

#धागा

१/ हिवाळ्यातील कोणत्याही रविवारी पहाटे पुण्यात, मुंबईत किंवा साताऱ्यात एखादी तरी शर्यत असते. छातीवर क्रमांक लावून उभ्या असलेल्या हजारोंपैकी जिंकण्याच्या आशेने आलेले मोजकेच असतात. उरलेले बँकेत नोकरी करणारे, गृहिणी, निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन मुले. जिंकण्याची सुतराम शक्यता नसताना शर्यतीत उतरणारा हा हौशी धावक इतिहासाच्या दृष्टीने अगदी अलीकडचा आहे. त्याला रस्त्यावर जागा कशी मिळाली, त्याची ही हकिकत.

२/ आरंभीच्या शर्यतींत असा माणूस जवळजवळ नव्हताच. १८९७ साली बॉस्टन मॅरेथॉन प्रथम झाली, तेव्हा सुरुवातीच्या रेषेवर १५ पुरुष होते आणि त्यांपैकी १० जणांनी शर्यत पूर्ण केली. मॅरेथॉन हा मोजक्या कसलेल्या पुरुषांचा पराक्रम समजला जाई. सामान्य नागरिकाचे काम रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवण्याचे.

३/ या इतिहासात पुण्याचाही एक अध्याय आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना पहिल्या महायुद्धानंतर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून उपस्थित होते. तेथे शेतकरी कुटुंबांतील तरुण अनवाणी धावत होते. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण नसतानाही त्यांच्या वेळा पाहून टाटा थक्क झाले. त्यांच्या पुढाकारातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू गेला आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले.

४/ येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. गावाकडचे हे धावक टाटांच्या नजरेत भरले, ते त्यांच्या वेगामुळे. त्याच मैदानावर सर्वांत शेवटी आलेल्या तरुणाचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. शर्यत वेगवान माणसाचा शोध घेण्यासाठी असते, ही समजूत पुणे, लंडन आणि बॉस्टन या तिन्ही ठिकाणी सारखीच होती.

५/ या समजुतीला पहिला मोठा धक्का न्यूझीलंडमधून बसला. आर्थर लिडियार्ड हे ऑकलंडचे, बुटांच्या कारखान्यात काम केलेले प्रशिक्षक. त्यांचे शिष्य पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळवली. परंतु या धाग्याच्या दृष्टीने लिडियार्ड यांचे मोठे काम १९६२ चे आहे. त्या वर्षी त्यांच्या प्रेरणेने ऑकलंडमध्ये जॉगिंगचा एक क्लब सुरू झाला आणि मध्यमवयीन, सुटलेल्या पोटाची माणसे एकत्र धावू लागली. नियम साधा होता : धावताना बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे.

६/ त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन लिडियार्ड यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले. एका रविवारी ते या मंडळींबरोबर धावायला निघाले आणि चढावर पार मागे पडले. सत्तरी ओलांडलेला, हृदयविकारातून उठलेला एक वृद्ध त्यांना सोबत करण्यासाठी मागे थांबला. ऑलिंपिकपटू घडवणाऱ्या प्रशिक्षकाला हा अनुभव फार लागला. मायदेशी परतताच त्यांनी युजीन शहरात सामान्य नागरिकांसाठी जॉगिंगचे वर्ग सुरू केले. पुढे एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाने अमेरिकेत जॉगिंगची लाट आणली.

७/ मात्र व्यायाम म्हणून धावणे वेगळे आणि शर्यतीत नाव नोंदवणे वेगळे. नावनोंदणीच्या दारावर पहारा होता. १९६६ साली बॉबी गिब यांनी बॉस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज मागितला. स्त्रियांची शरीररचना इतके अंतर धावण्यास समर्थ नाही, अशा आशयाचे उत्तर आले. त्या भावाची अर्धी चड्डी आणि टोपीचा सदरा घालून सुरुवातीच्या रेषेजवळील झुडपांत लपल्या आणि अर्धेअधिक धावपटू पुढे गेल्यावर त्यांच्यात मिसळल्या.

८/ पुढे जे घडले ते हौशी धावकाचा स्वभाव सांगणारे आहे. आजूबाजूच्या पुरुषांनी त्यांना ओळखले, पण कोणी चुगली केली नाही. उलट, ‘तुला कोणी बाहेर काढू लागले तर आम्ही आडवे येऊ,’ अशा अर्थाचा धीर दिला. गिब यांनी सुमारे ३ तास २१ मिनिटांत शर्यत पूर्ण केली. बहुसंख्य पुरुष त्यांच्या मागे होते. नियमांचे रक्षक आणि प्रत्यक्ष धावणारे यांच्यातील अंतर त्या दिवशी स्पष्ट दिसले.

९/ १९६७ साली कॅथरीन स्वित्झर यांनी ‘के. व्ही. स्वित्झर’ अशी सही करून २६१ क्रमांक मिळवला. शर्यतीचे एक पदाधिकारी जॉक सेंपल भर रस्त्यात त्यांच्या अंगावर धावून गेले आणि त्यांचा क्रमांक हिसकावू लागले. ती छायाचित्रे जगभर पोहोचली. तरीही बॉस्टनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळण्यासाठी १९७२ साल उजाडावे लागले.

१०/ दुसरा पहारा वेगाचा. जॉगिंगच्या लाटेमुळे अर्ज वाढले, तसे बॉस्टनच्या आयोजकांनी १९७० पासून पात्रतेची अट घातली : चार तासांच्या आत शर्यत पूर्ण करण्याइतका सराव झाल्याचे प्रमाणित असावे. पुढच्याच वर्षी ही मर्यादा साडेतीन तासांवर आली. रस्ता तोच, माणसे अधिक, म्हणून संथ माणसाने घरी बसावे, असा हा हिशेब होता.

११/ याच वर्षी न्यूयॉर्कने वेगळी वाट धरली. तिचे मूळ हार्लेममध्ये सापडते. १९३६ साली तेथे कृष्णवर्णीय धावपटूंनी ‘न्यूयॉर्क पायोनियर क्लब’ स्थापला. इतर अनेक क्लब रंग आणि वेग पाहून सदस्य घेत असताना या क्लबने पुढे सर्व वर्णांच्या लोकांना आणि संथ धावणाऱ्यांनाही सामावून घेतले. या क्लबचे टेड कॉर्बिट हे गुलामांच्या वंशातील, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचे मॅरेथॉनपटू. १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरील धावकांची जी नवी संघटना उभी राहिली, तिचे ते पहिले अध्यक्ष.

१२/ कॉर्बिट यांचे सर्वांत मोलाचे काम कोरडे वाटेल : अंतर मोजणे. त्या काळी मार्गाची लांबी अनेकदा मोटारीच्या मीटरवरून ठरे आणि ती चुके. ब्रिटनमधील पद्धतीचा अभ्यास करून १९६४ साली त्यांनी अमेरिकेत अचूक मापनाचा पाया घातला. आधी माहीत असलेल्या लांबीवर सायकल चालवून चाकाच्या फेऱ्या मोजायच्या. मग त्याच सायकलने शर्यतीच्या मार्गावर, वळणे जवळून घेत, सर्वांत आखूड रेषेने जायचे. फेऱ्यांवरून अंतर निघते.

१३/ विजेत्याला अचूक अंतर नसले तरी चालते, कारण तो इतरांच्या पुढे असतो. हौशी धावकाची स्पर्धा मात्र स्वतःच्या मागच्या वेळेशी असते. मागील वर्षीचे दहा किलोमीटर आणि यंदाचे दहा किलोमीटर सारखे नसतील, तर त्याच्या वर्षभराच्या श्रमाला अर्थच उरत नाही. शेवटून दहावा येणाऱ्याच्या वेळेलाही प्रतिष्ठा मिळाली, ती या सायकलीमुळे.

१४/ १३ सप्टेंबर १९७० रोजी पहिली न्यूयॉर्क मॅरेथॉन सेंट्रल पार्कच्या आतच फेऱ्या मारून झाली. प्रवेश शुल्क १ डॉलर. १२७ जण धावले, ५५ जणांनी ती पूर्ण केली. विजेते गॅरी मर्की अग्निशमन दलातील रात्रपाळी करून आले होते. सहआयोजक फ्रेड लेबो कापड व्यवसायातील गृहस्थ. ते स्वतः चार तासांहून अधिक वेळ घेऊन ४५ वे आले. बॉस्टनच्या नव्या अटीत ते बसलेच नसते.

१५/ १९७२ साली त्याच शर्यतीत क्रीडा महासंघाने स्त्रियांना पुरुषांच्या १० मिनिटे आधी, वेगळे सुटण्याचा आदेश दिला. सहा स्त्रिया सुरुवातीच्या रेषेवर निषेधाचे फलक घेऊन खाली बसल्या. पुरुषांसाठी बंदुकीचा बार झाला तेव्हाच त्या उठल्या आणि सर्वांबरोबर धावल्या. शिक्षा म्हणून त्यांच्या वेळेत १० मिनिटे वाढवली गेली. पुढे तो नियमच मागे घ्यावा लागला. १९७६ साली ही मॅरेथॉन उद्यानाबाहेर पडून शहराच्या पाचही विभागांतून गेली आणि धावकांची संख्या दोन हजारांवर पोहोचली.

१६/ मोठ्या शर्यतींबरोबर पैसाही आला : प्रायोजक, महागडे बूट, चढे प्रवेश शुल्क. त्याला उत्तर मिळाले लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये. २ ऑक्टोबर २००४ रोजी, दुखापतीमुळे स्वतः धावू न शकणाऱ्या पॉल सिंटन-ह्यूइट यांनी मित्रांसाठी ५ किलोमीटरची विनामूल्य धाव योजली. १३ जण आले. क्रमांकाचे बिल्ले म्हणून हार्डवेअरच्या दुकानातील वॉशर वापरले. यातूनच दर शनिवारी स्वयंसेवकांच्या बळावर चालणारा ‘पार्करन’ अनेक देशांत पसरला.

१७/ वाद मात्र संपला नाही. २०१६ साली ब्रिस्टलजवळील स्टोक गिफर्ड येथील स्थानिक परिषदेने पार्कच्या वाटांच्या देखभालीसाठी धावकांकडून वर्गणी मागितली. वाट झिजते, हे परिषदेचे म्हणणे खोटे नव्हते. पण पार्करन कायम विनामूल्य राहील, हे तत्त्व आयोजकांना सोडायचे नव्हते. तेथील धाव बंद पडली. सार्वजनिक जागेत एकत्र धावणे हा हक्क की सेवा, हा प्रश्न त्या छोट्या गावाने सर्वांपुढे ठेवला.

१८/ महाराष्ट्रात पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, मुंबईची २००४ मध्ये आणि साताऱ्याची, यवतेश्वर घाट चढणारी, २०१२ मध्ये. मुंबईत ज्येष्ठ नागरिक व दिव्यांग यांच्यासाठी स्वतंत्र गट आहेत. तरीही प्रवेश शुल्क परवडत नाही म्हणून बाहेर राहणारा धावक आजही आहे. डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावलेल्या त्या तरुणांना आजच्या शर्यतीत नाव नोंदवता आले असते का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

१९/ पार्करनमध्ये एक प्रथा आहे. एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागे चालतो आणि अंतिम रेषा सर्वांत शेवटी ओलांडतो. निकालपत्रात शेवटचे नाव त्याचे. त्यामुळे धावायला आलेला कोणीही शेवटचा येत नाही. ऑकलंडच्या चढावर बॉवरमन यांच्यासाठी मागे थांबलेल्या त्या वृद्धाने १९६२ साली नेमके हेच काम केले होते.

धागा समाप्त.