भुजंगधारीतली दोन कृष्णविवरं

जून-जुलैत पावसाने उघडीप दिली की रात्री वृश्चिकेच्या वरच्या अंगाला भुजंगधारी सापडतो. आकाशदर्शनाला आलेल्या मुलांना मी तिथल्या एनजीसी ६२४० दीर्घिकेची गोष्ट हमखास सांगतो. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. अंतर सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षं. खरं तर त्या दोन दीर्घिका आहेत, एकमेकींत मिसळत चाललेल्या.

तिच्यात दोन केंद्रं असल्याचं १९८३ सालीच लक्षात आलं होतं. त्याच वर्षी इरास उपग्रहाने अवरक्त किरणांत आकाश पाहिलं, तेव्हा तिथली धूळ विलक्षण तापलेली आढळली. तापवतंय कोण, नवे तारे की कृष्णविवर? नव्वदच्या दशकात दाट वायूआडून येणारे जोरकस क्ष-किरण मिळाले, म्हणजे कृष्णविवर होतंच. घोडं अडलं ते पुढे: कुठल्या केंद्रात? तेव्हाच्या उपग्रहांना दोन्ही मिळून एकच ठिपका दिसायचा.

१९९९ साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची 'चंद्रा' वेधशाळा अवकाशात गेली. क्ष-किरण आरशावर समोरून आदळले तर परततच नाहीत, आत शिरतात. म्हणून चंद्राचे आरसे नळकांड्यांसारखे, एकात एक बसवलेल्या चार जोड्या. किरण त्यांना निसटते घासून वळतात. जुलै २००१ मध्ये चंद्राने या दीर्घिकेकडे सुमारे दहा तास पाहिलं. स्टेफनी कोमोसा, ग्युंटर हासिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका ठिपक्याचे दोन झालेले दिसले, एकमेकांपासून सुमारे ३,००० प्रकाशवर्षांवर.

त्याचं रंगीत चित्र गाजलं. माझ्या लेखी मात्र खरा पुरावा म्हणजे या क्ष-किरणांच्या ऊर्जेच्या आलेखातला, ६.४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टपाशी वर आलेला सुळका. ही लोखंडाची खूण. कृष्णविवराजवळच्या प्रखर क्ष-किरणांचा मारा भोवतालच्या थंड वायूतल्या लोखंडावर झाला, की ते नेमक्या याच ऊर्जेला उजळतं. ही खूण दोन्ही केंद्रांत मिळाली आणि सोक्षमोक्ष लागला: दोन्हीकडे कृष्णविवर आहे, आणि दोन्ही वायू गिळताहेत.

नोव्हेंबर २००२ मध्ये हे जाहीर झालं. महिनाभर आधी रिकार्डो जियाकोनी यांना नोबेल घोषित झालं होतं. १९६२ साली त्यांच्या गटाने (वेधशाळा नव्हे, आकाशातल्या) चंद्राकडून येणारे क्ष-किरण शोधायला रॉकेट उडवलं आणि हाती लागला शेजारच्या वृश्चिकेतला स्रोत. तिथून इथवर यायला चाळीस वर्षं पुरली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली क्ष-किरण दुर्बीण २०१५ साली ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरून अवकाशात गेली. तिचे आरसेही किरण असेच घासून वळवतात, पण ही दोन केंद्रं वेगळी करण्याइतकी तिची नजर बारीक नाही. चंद्राइतकी बारीक नजर अजून कुठल्याच क्ष-किरण दुर्बिणीला आलेली नाही. चंद्रा थकण्याआधी तशी दुसरी उडायला हवी, असं मला मनापासून वाटतं.