केबल बदलली आणि नेट गेलं?
नायगावच्या एखाद्या ई-सेवा केंद्रात फॉर्मची शेवटची तारीख, आणि राउटर बदलल्यावर कॉम्प्युटरला नेट येत नाही. खरं तर केबल लावली की कॉम्प्युटर स्वतःच पत्ता मागतो आणि राउटर त्याला आयपी अ‍ॅड्रेस देतो. ही पद्धत म्हणजे डीएचसीपी. तिचे आजचे मूळ नियम १९९७ चे. तुमच्या फोनला वायफायवर पत्ता मिळतो, तोही बहुतेक असाच.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरचं उत्तर आलेलं नाही, आधी केबल तपासा. पण बऱ्याचदा घोळ वेगळाच असतो: कुणीतरी जुन्या राउटरचे आकडे हाताने भरून ठेवलेले असतात. मग केबल कितीही वेळा काढून लावा! विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या इथरनेटमध्ये जाऊन 'आयपी असाइनमेंट' ऑटोमॅटिक करा. त्याआधी जुन्या आकड्यांचा फोनवर फोटो काढून ठेवा. काही ऑफिसांत ते मुद्दाम भरलेले असतात.