मानसिक आजाराची कारणमीमांसा आणि सामाजिक कलंक : महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मानसिक आजार हा मानवी समाजाइतकाच जुना आहे; मात्र त्याला 'आजार' म्हणून मिळालेली मान्यता अलीकडची आहे. एखाद्यास विषमज्वर झाला तर समाज 'काय झाले' एवढेच विचारतो. मन आजारी पडले तर मात्र 'कोणामुळे झाले', 'कोणी केले', 'कोणाच्या घराण्यातून आले' असे प्रश्न उपस्थित होतात. म्हणजे येथे कारणाचा शोध हा पुष्कळदा दोषाचा शोध असतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कलंक या संकल्पनेची मांडणी केली. व्यक्तीचे एखादे लक्षण तिच्या संपूर्ण ओळखीवर मात करते आणि समाजाच्या दृष्टीने तिची पत खालावते, असे त्या मांडणीचे सूत्र आहे. मानसिक आजाराची जी कारणे त्या त्या काळी सांगितली गेली, त्यांचा या कलंकाशी कोणता संबंध होता, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन व मध्ययुगीन विचार :

मानसिक आजाराचा विचार भारतात पाश्चात्त्य वैद्यकासोबत आला, हा समज बरोबर नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात 'उन्माद' या व्याधीवर स्वतंत्र अध्याय आहेत. वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि आगंतुक असे उन्मादाचे पाच प्रकार तेथे सांगितले आहेत. आगंतुक प्रकारात देव, गंधर्व, पिशाच इत्यादींच्या बाधेचा उल्लेख येतो. परंतु त्याच ग्रंथात असेही प्रतिपादन आहे की, मनुष्य स्वतःच्या प्रज्ञापराधाने क्लेश पावलेला नसेल तर देव वा राक्षस त्याला पीडा देत नाहीत. दैवी बाधेची कल्पना मान्य करूनही तिचे मूळ माणसाच्या आचरणात पाहण्याचा हा प्रयत्न लक्षणीय आहे. मात्र त्यातून दुसरी अडचण उद्भवते. दैव दोषमुक्त होते आणि दोष रुग्णाच्या पदरात पडतो.

मराठी समाजाची परंपरा या बाबतीत दुहेरी आहे. तेराव्या शतकात ऋद्धिपूर येथे वास्तव्य करणारे गोविंदप्रभू म्हणजेच गुंडम राऊळ यांचे वर्तन लोकरूढीच्या दृष्टीने वेडेपणाचे होते. तरीही महानुभाव पंथाने त्यांना ईश्वरी अवतार मानले आणि म्हाइंभटांनी त्यांच्या लीळांचे चरित्र सिद्ध केले. वेडा, पिसा, खुळा हे शब्द मराठीत भक्तीच्या आर्ततेसाठीही योजले गेले. आजही 'वेडी माया' या प्रयोगात कौतुकच असते. असे असले तरी या सहिष्णुतेचा अतिरेकी गौरव करणे योग्य होणार नाही. ज्याच्या वेडाला पंथाचा आधार लाभला तो पूज्य ठरला. ज्याला असा आधार नव्हता त्याच्या वाट्याला देवऋषी, अंगारा, प्रसंगी मारहाण आणि साखळदंड आले.

वसाहतकालीन कायदे व वेड्यांची इस्पितळे :

ब्रिटिश अमलात मानसिक आजाराचा प्रश्न प्रथमच शासनाच्या कक्षेत आला. १८५८ मध्ये या विषयावर तीन कायदे संमत झाले. त्यांपैकी दोन मालमत्तेच्या व्यवस्थेविषयी असून, तिसरा कायदा इस्पितळांच्या स्थापनेविषयी व त्यांत दाखल करण्याच्या पद्धतीविषयी होता. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेडसर व्यक्तीस ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे काम या कायद्याने पोलिसांकडे दिले. रुग्णाला इस्पितळाचे दार वैद्याने नव्हे, तर पोलिसाने उघडून द्यावे, ही व्यवस्था येथे रूढ झाली. मानसिक रुग्ण आणि गुन्हेगार यांची लोकमानसातील सांगड या व्यवस्थेने अधिक घट्ट केली.

मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, अहमदाबाद, धारवाड इत्यादी ठिकाणी अशी इस्पितळे होती. कुलाब्याच्या इस्पितळात जागा अपुरी पडू लागल्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून ठाण्यानजीक नौपाडा येथे नवे इस्पितळ उभे राहिले. पुढे येरवड्याचे इस्पितळ सुरू झाले. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी ही चार ठिकाणे महाराष्ट्रातील शासकीय मनोरुग्णालयांची केंद्रे ठरली. या संस्थांचा ठसा भाषेवरही उमटला. 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याची वाट धरली' हे टोमणे मराठी माणसास समजावून सांगावे लागत नाहीत. ज्या गावाच्या नावाचीच शिवी झाली, तेथे उपचारासाठी जाण्याचे धैर्य सामान्य कुटुंबाने कोठून आणावे, हा प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे.

'कारण' नावाचा रकाना :

इस्पितळांच्या नोंदवहीत आजाराच्या कारणासाठी स्वतंत्र रकाना असे. या रकान्याची विश्वसनीयता किती होती, याचा पुरावा एका वेगळ्याच चौकशीतून उपलब्ध होतो. गांजा व भांग यांच्या सेवनाने वेड लागते, हे मत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शासकीय वर्तुळात दृढ झाले होते आणि त्याला आधार होता तो इस्पितळांच्या वार्षिक आकडेवारीचा. या प्रश्नाच्या चौकशीसाठी १८९३ मध्ये भांग-गांजा आयोग नेमण्यात आला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने ११९३ साक्षी नोंदविल्या आणि १८९४ मध्ये आपला अहवाल सादर केला.

आयोगाने नोंदवहीतील आकडे जसेच्या तसे स्वीकारले नाहीत. १८९२ या वर्षी ज्या रुग्णांच्या नावापुढे गांजा हे कारण लिहिले गेले होते, त्यांची प्रकरणे त्याने स्वतंत्रपणे तपासली. त्यातून असे निष्पन्न झाले की, हा रकाना बहुधा रुग्णाला पाठविणाऱ्या पोलिसांच्या वा दंडाधिकाऱ्याच्या कागदावरून भरला जात असे. रकाना रिकामा ठेवणे कारकुनी शिस्तीत बसत नसे. रुग्ण कधीकाळी गांजा ओढत होता एवढी ऐकीव माहितीही कारण म्हणून पुरेशी ठरे. फेरतपासणीत निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. एरवी ज्याची आकडेवारी शास्त्रीय पुरावा म्हणून पुढे केली गेली, ते 'कारण' पुष्कळदा शिपायाच्या अंदाजाचे फलित होते.

या घटनेचे महत्त्व गांजाच्या प्रश्नापुरते मर्यादित नाही. कारण कोण लिहितो आणि ते लिहिण्याची त्याला कोणती निकड असते, हे तपासल्याशिवाय मानसिक आजाराच्या कोणत्याही कारणमीमांसेवर विसंबून राहता येत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

देवस्थान, कुटुंब आणि स्त्री :

इस्पितळापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या नेहमीच अल्प होती. बहुसंख्य रुग्ण घरी किंवा देवस्थानात असत. 'बाहेरचे झाले', 'लागीर झाले', 'करणी केली' ही ग्रामीण महाराष्ट्रातील परिचित कारणे होत. ही कारणे शास्त्रदृष्ट्या निराधार आहेत, यात शंका नाही. तथापि ती समाजात का टिकली, याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने करावयास हवा. बाधा बाहेरून आली असे म्हटले की रुग्णाच्या स्वभावाला व कुळाला बोल लागत नाही, आणि बाधा निघून गेली की तो पूर्ववत् घरचा माणूस होऊ शकतो. कलंक टाळण्याची ही एक युक्ती होती. परंतु तिची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागे. करणी झाली म्हटल्यावर ती करणारी व्यक्ती शोधली जाई आणि संशयाचे बोट बहुधा विधवा, निपुत्रिक किंवा एकाकी स्त्रीकडे वळे.

व्हीडा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात केलेला अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. आजारी मुलाबरोबर किंवा पतीबरोबर मंदिरात राहणाऱ्या स्त्रियांच्या अंगात येत असे आणि घरच्या माणसाची पीडा आपल्यावर यावी अशी त्यांची भावना असे, असे या अभ्यासात दिसून आले. घरातील आजाराचा भार व त्याची लाज कोणी वाहावी, याचे कुटुंबातील वाटप त्यातून स्पष्ट होते.

नामांतर, औषधे आणि बाह्यरुग्ण विभाग :

१९१२ च्या कायद्याने इस्पितळांच्या प्रशासनात सुधारणा केली. १९२० च्या दशकात 'वेड्यांचे इस्पितळ' हे नाव जाऊन 'मनोरुग्णालय' या अर्थाचे नाव अधिकृतपणे रूढ झाले. रांची येथील ओवेन बर्कले-हिल यांचा या नामांतरात पुढाकार होता. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी मानसिक आजारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सामान्य रुग्णालयाच्या रांगेत उभे राहून मनावर उपचार घेता येतात, ही गोष्ट कलंकनिवारणाच्या दृष्टीने नामांतरापेक्षाही मोलाची होती. तथापि गरजेच्या मानाने सोयी तुटपुंज्या होत्या. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार संपूर्ण देशात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या.

औषधांच्या इतिहासातही भारताचा वाटा आहे. सर्पगंधा या वनस्पतीच्या उन्मादावरील व रक्तदाबावरील परिणामाविषयी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्या रक्तदाबावरील उपयोगाचे निष्कर्ष ब्रिटनमधील नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर तिच्यातील रेसरपिन हे द्रव्य १९५० च्या दशकात मनोविकारांवर पाश्चात्त्य देशांतही वापरले गेले. १९५२ पासून क्लोरप्रोमॅझीनचा वापर सुरू झाल्यावर मेंदूतील रासायनिक बदल हे कारण म्हणून पुढे आले.

विवाह, कायदा आणि आनुवंशिकता :

शास्त्रीय कारण सापडले की कलंक आपोआप नाहीसा होतो, ही अपेक्षा मात्र फलद्रूप झाली नाही. आनुवंशिकतेचे अंशतः खरे असलेले कारण विवाहाच्या बाजारात 'घराण्यात वेड आहे' या वाक्यात रूपांतरित झाले. रुग्णाबरोबर त्याच्या भावंडांचीही लग्ने अडू लागली आणि म्हणून आजार लपविणे हे कुटुंबाला कर्तव्य वाटू लागले.

कायद्याची भाषाही समाजाच्या मागे रेंगाळत राहिली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील वेडसरपणाविषयीच्या तरतुदी १९७६ मध्ये विस्तारण्यात आल्या व घटस्फोटाच्या कारणांत स्किझोफ्रेनियाचा नामनिर्देश झाला. १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आजाराचे केवळ नाव पुरेसे नसून त्याची तीव्रता सिद्ध व्हावयास हवी, असा निर्णय दिला. विवाहाच्या अटींतून १९९९ मध्ये अपस्मार वगळण्यात आला आणि २०१९ मध्ये घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोगही वगळण्यात आला. मानसिक आजार मात्र त्या यादीत कायम राहिला. एकेकाळी तीनही रोगांना समान बहिष्कार होता. त्यांपैकी दोघांची सुटका झाली, तिसऱ्याची झाली नाही.

एरवाडी आणि त्यानंतर :

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी निवासाला आग लागली. साखळीने बांधून ठेवलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि २८ जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णास तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय त्याच न्यायालयाने शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्येच दिला होता. साखळदंड केवळ तुरुंगात नसतात, हे एरवाडीने दाखवून दिले.

महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधणे व मारहाण करणे हा गुन्हा ठरविला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली, उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्याची तरतूद केली. त्याच सुमारास २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, निरनिराळ्या मानसिक आजारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के व्यक्ती उपचारांपासून वंचित होत्या. सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, ही बाब येथील अभ्यासकांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मानसिक आजाराचे सांगितले गेलेले प्रत्येक कारण कोणाला तरी दोषी ठरवीत आले आहे. प्रज्ञापराधाने रुग्णाला, करणीने शेजारणीला, गांजाने व्यसनाला आणि आनुवंशिकतेने घराण्याला दोष दिला.

२) केवळ शास्त्रीय माहितीच्या प्रसाराने कलंक कमी होत नाही. अमेरिकेत १९९६ व २००६ च्या सर्वेक्षणांची तुलना करता, जैविक कारणे मान्य करणाऱ्यांचे प्रमाण वाढूनही रुग्णापासून अंतर राखण्याची वृत्ती घटली नसल्याचे आढळले.

३) उपचाराचे दार कोठे आणि कोणाच्या हाती आहे, यावर कलंकाचे स्वरूप अवलंबून असते. पोलिसाच्या हातून येरवड्यास जाणे आणि सामान्य रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढणे, यांत रोग तोच असला तरी सामाजिक अर्थ भिन्न आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या साहाय्याने झालेला व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने मार्गदर्शक आहे.

४) जैविक, मानसिक व सामाजिक घटकांच्या परस्परक्रियेतून आजार उद्भवतो, ही आजची मान्य भूमिका आहे. तिचा खरा लाभ असा की, ती एकाच व्यक्तीवर वा घराण्यावर दोष ठेवू देत नाही.

महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने या इतिहासाला व्यावहारिक महत्त्व आहे. मानसिक आजारांपैकी पुष्कळांचा प्रारंभ किशोरवयात व तारुण्याच्या उंबरठ्यावर होतो. म्हणजेच अनेकदा तो वर्गात प्रथम दिसतो. अचानक गैरहजर राहू लागलेला, एकलकोंडा झालेला वा विसंगत बोलणारा विद्यार्थी दिसला की हजेरीपटाच्या कारणाच्या रकान्यात 'बेशिस्त' किंवा 'आळशी' असे लिहिणे सोपे असते. १८९२ च्या शिपायानेही तेच केले होते. तो रकाना घाईने न भरता विद्यार्थ्याला योग्य उपचारापर्यंत पोहोचविणे, हीच कलंकनिवारणाची पहिली पायरी होय.