हरणाऱ्या बाजूचा सरदार

गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. त्यामुळे आमच्या दवनीवाड्याकडच्या पोट्ट्यांना विमानाचे नवल राहिलेले नाही. आता ती मोबाईलवर विमानांच्या लढाया खेळतात. दोन संघ, प्रत्येक संघाला एक म्होरक्या. यातली एक गोष्ट मी नेहमी पाहतो. आपल्या बाजूची चार विमाने पडली की उरलेल्यांपैकी निम्मे खेळ सोडून बाहेर पडतात. म्होरक्या एकटा ओरडत राहतो. जिंकणाऱ्या संघाला म्होरक्या नसला तरी फारसे बिघडत नाही. त्याची खरी गरज हरणाऱ्या संघाला असते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. फारसीतून आलेला ‘शिकस्त’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मराठीत मात्र आपण ‘प्रयत्नांची शिकस्त केली’ म्हणतो, म्हणजे काही बाकी ठेवले नाही. हे दोन्ही अर्थ एकाच माणसात पाहायचे असतील, तर मलिक अंबरकडे पाहावे.

हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीत आला. १६०० साली चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राजधानी गेली, म्हणजे खेळ संपला असेच बहुतेकांना वाटले. अंबरने परांड्याला निजामशाही घराण्यातल्या मुर्तझाला गादीवर बसवले आणि हरलेल्या बाजूचे नेतृत्व हाती घेतले. पुढची सव्वीस वर्षे ते त्याच्याकडेच राहिले.

त्याच्या विजयांबद्दल आपण वाचतो. मला त्याचे पराभव जास्त शिकवतात. फेब्रुवारी १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला शाहनवाजखानाने त्याचा सडकून पराभव केला. त्याआधीच लखुजी जाधवरावांसारखे मोठे सरदार मोगलांना जाऊन मिळाले होते. अंबरने वसवलेली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, मोगलांनी लुटून उद्ध्वस्त केली. पुढच्या वर्षी शहजादा खुर्रम दक्षिणेत आला, तेव्हा अंबरने तह केला. बालाघाटचा मुलूख दिला, अहमदनगरच्या किल्ल्याच्या किल्ल्या दिल्या. १६२० साली तो पुन्हा उभा राहिला आणि मोगलांना बुऱ्हाणपूरपर्यंत मागे रेटले. १६२१ ला खुर्रम परत आला. पुन्हा तह, पुन्हा मुलूख आणि खंडणी.

याला कोणी लाचारी म्हणेल. मला त्यात हिशेब दिसतो. किल्ला आज दिला तर उद्या परत घेता येतो. हाताखालचे कसलेले स्वार एका हट्टापायी कापले गेले तर ते परत मिळत नाहीत. हरणाऱ्या बाजूच्या सरदाराला सगळेच वाचवता येत नाही. काय गमवायचे, एवढे तो ठरवू शकतो. अंबरने जमीन गमावली, माणसे राखली. त्या माणसांचा पगार निघावा म्हणून महसुलाची घडी बसवली. ठेकेदारांची इजारा पद्धत बंद करून पिकाच्या अंदाजावर सारा ठरवला. रयत टिकली तर फौज टिकते, हे त्याला कळत होते.

लढण्याची रीतही तशीच होती. मोगलांकडे तोफा आणि संख्या होती, म्हणून उघड्या मैदानात समोरासमोर जायचे टाळायचे. हलक्या स्वारांनी रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, पाठलाग झाला की डोंगरात शिरायचे. यालाच बारगीगिरी म्हणत. १९४१-४२ मध्ये ब्रह्मदेश आणि चीनच्या आकाशात शेनॉल्टच्या अमेरिकन वैमानिकांनी चपळ जपानी विमानांशी असेच केले. त्यांच्याबरोबर गिरक्या घेत झुंजायचे नाही. उंचावरून सूर मारायचा, एक फैर झाडायची आणि निघून जायचे. घोडा असो की विमान, बळ कमी असलेल्याने समोरच्याच्या सोयीची लढाई पत्करू नये.

१६२४ ला अहमदनगरजवळ भातवडीला ही रीत फळाला आली. मोगल आणि विजापूरकर एकत्र चालून आले होते. अंबरने आधी तहाची बोलणी केली. ती फेटाळली गेल्यावर तो मागे सरकत राहिला, तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला, छापे घालून छावणी उपाशी पाडली आणि मग तुटून पडला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी कामी आले.

वर्गात इतिहास शिकवताना कधी कधी प्रश्न येतो: “सर, यात आपली बाजू कोणती?” नावावरून बाजू ठरवायची सवय मुलांना आता लवकर लागते. भातवडी अशा वेळी फार उपयोगी पडते. मोगल मुसलमान, विजापूरकर मुसलमान आणि त्यांच्याविरुद्ध हबशी सरदाराखाली दख्खनी व मराठे. रोशनगावला तर मराठे दोन्हीकडे होते. कोणाची बाजू कोणती, हे नावावरून ठरत नव्हते. सोडून गेलेले होते, तसे टिकून राहिलेलेही होते.

१६२६ मध्ये अंबर गेला. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, १६३६ मध्ये निजामशाही संपली. उर्दूतली शिकस्त शेवटी झालीच. जहांगीर बादशहाने अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतानाचे आपले चित्र काढून घेतले होते. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधी मिळाले नाही. अंबर ऐंशीच्या घरात आपल्या मौतीने वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे. वेरूळच्या सहलीत तिथून बस जाते, तेव्हा मुलांना दहा मिनिटे खाली उतरवावे.