एरिथ्रिटॉल (कीडनियंत्रणातील उपयोग)

साखरेऐवजी वापरला जाणारा, शर्करा-अल्कोहोल वर्गातील पांढरा स्फटिकी पदार्थ. गोडी साखरेच्या सुमारे 60 ते 70 टक्के. यीस्टच्या साहाय्याने ग्लुकोज आंबवून तो बनवतात. माणसाने खाल्ल्यास बहुतांश भाग जसाच्या तसा लघवीवाटे निघून जातो. माश्यांना मात्र तो मारक ठरतो.

हा गुण एका शाळकरी मुलाच्या विज्ञान प्रकल्पातून उजेडात आला. त्याचे वडील डॅनियल मारेंडा फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, ‘ट्रुव्हिया’ हा साखरेचा पर्याय खाल्लेल्या ड्रोसोफिला माश्या सरासरी 5.8 दिवस जगल्या. इतर खाद्यांवरच्या 38.6 ते 50.6 दिवस. ट्रुव्हियात स्टीव्हियाही असते, पण मारक घटक एरिथ्रिटॉल निघाला. त्यातून पोषण मिळत नाही, म्हणून माशी भरल्या पोटी उपाशी मरते. शिवाय तो रक्तद्रवात साचून शरीरातील पाण्याचा तोल बिघडवतो, असे पुढील संशोधनातून मांडले गेले.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत, भातसा नदीकाठच्या सापगावसारख्या गावांत, या गुणाचे मोल काकडी, दोडका, कारल्याच्या मांडवाखाली कळते. वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशीची मादी कोवळ्या फळाला डंख मारून सालीखाली अंडी घालते. डंखाच्या जागी चिकट थेंब येतो, फळ तिथेच वाकते, आत अळ्या वळवळतात आणि गर सडतो. अळ्या आत असल्याने वरून कितीही फवारले तरी त्या वाचतात. क्यू-ल्यूर या आकर्षक रसायनाच्या सापळ्यात फक्त नर अडकतात. मादीला ओढायला गुळाच्या पाण्यात मॅलॅथिऑन मिसळून आमिष करण्याची शिफारस जुनी आहे. तोडा एक दिवसाआड होणाऱ्या, पुष्कळदा कच्चीच खाल्ल्या जाणाऱ्या काकडीजवळ हे विष नको वाटते, ते रास्तच आहे. एरिथ्रिटॉलमध्ये आमिष आणि मारक एकच असल्याने इथे त्याला खरा वाव दिसतो.

अडचणीही खऱ्या आहेत. तो गुळापेक्षा कितीतरी महाग पडतो. पाण्यात सहज विरघळत असल्याने इथल्या आषाढ-श्रावणात पानावर टिकणार नाही. आमिष झाकलेल्या बाटलीतच टांगावे लागेल. परागीभवन करणाऱ्या मधमाश्यांसाठीही फुलांवर फवारण्यापेक्षा हेच बरे. माशी लगेच मरत नाही, म्हणून सडकी फळे वेचून खोल पुरण्याचे काम सुटत नाही. याच वर्गातील झायलिटॉल कुत्र्यांना प्राणघातक असल्याने दोहोंत गल्लत होता कामा नये. रक्तातील एरिथ्रिटॉलचे जास्त प्रमाण आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचा संबंध 2023 मधील एका अमेरिकी अभ्यासात आढळला. त्यामुळे ‘खाण्यायोग्य’ म्हणजे पूर्ण निर्धोक असे समजू नये. भारतात कीटकनाशक म्हणून विक्रीसाठी 1968 च्या कायद्यानुसार केंद्रीय नोंदणी आवश्यक असते.