‘व्यवसायोपचार’ : एका पदवीचे नाव

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराचे भारतातील पहिले विद्यालय निघाले. त्याच्या संस्थापिका कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन. माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. फिलाडेल्फिया येथे या विषयाचे शिक्षण घेऊन त्यांनी हे कार्य हाती घेतले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताची गणना झाली. पुढे १९५८ साली नागपुरासही विद्यालय झाले. इतक्या जुन्या या शिक्षणाविषयी ‘यात कोणता धंदा शिकवितात?’ अशी पृच्छा सुशिक्षित घरांतून अद्याप ऐकू येते. माझ्या भाचीच्या प्रवेशाच्या वेळी ती आमच्याच घरात झाली!

या गैरसमजाचे मूळ शब्दात आहे. ‘व्यवसाय’ हा वि + अव + सो या धातूपासून सिद्ध झाला असून निश्चय, उद्योग, चिकाटीने केलेला प्रयत्न हे त्याचे जुने अर्थ होत. गीतेतही तो निश्चयाच्या अर्थी येतो. आजच्या मराठीत मात्र तो उपजीविकेच्या साधनापुरता आकुंचित झाला आहे. इंग्रजी ‘ऑक्युपेशन’चीही गत निराळी नाही, परंतु मनुष्य ज्यात गुंतून राहतो ते कोणतेही काम, हा अर्थ त्या शब्दात शिल्लक आहे, आणि १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे या शाखेची पहिली संस्था स्थापन करणाऱ्यांना तोच अभिप्रेत होता. हिंदीतील ‘व्यावसायिक चिकित्सा’ ही संज्ञा तर मराठी वाचकाला दुकानदारीचीच आठवण करून देईल.

प्रत्यक्ष अभ्यासक्रम पाहता ही अडचण अधिकच बोचते. आरंभीच्या काळात विणकाम, सुतारकाम यांना त्यात मोठे स्थान होते. माग चालविताना दुबळ्या स्नायूंना किती जोर पडतो, हे तेथे पाहावयाचे असे. रोग्याला विणकर करणे हा हेतू नव्हे. आजचा विद्यार्थी शरीररचना, शरीरक्रिया, मनोविकार यांबरोबर क्रियेचे पृथक्करण शिकतो. पक्षाघात झालेल्या गृहिणीला चहा करावयाचा आहे : पातेल्याची पकड, पाण्याचा भार, आधी काय नि मग काय याचा क्रम, विस्तवाचे भान. यांपैकी नेमके कोठे अडते, ते शोधून तेथे उपाय करावयाचा. वाक्याचे पदच्छेद करण्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला ही पद्धती परकी वाटली नाही.

आरंभीच्या पदविकेची पुढे विद्यापीठीय पदवी झाली. राज्याच्या २००२ च्या अधिनियमाने व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची एकत्र परिषद निर्माण केली, तेव्हा नावावर कायद्याची मुद्रा उमटली. ते आता बदलावे असे मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला, अस्थींची नावे सांगण्यापूर्वी, या एका शब्दाची व्युत्पत्ती फळ्यावर लिहावी, एवढे मात्र तेथील अध्यापकांना सुचवावेसे वाटते.