पल्ल्याचे गणित: रायफल नेमबाजीतील सरावाच्या अंतरांचा इतिहास

रायफल नेमबाजीच्या स्पर्धांत आज जी अंतरे प्रमाण मानली जातात, त्यांपैकी फार थोडी निव्वळ खेळाच्या गरजेतून ठरलेली आहेत. लष्कराच्या युद्धविषयक कल्पना, जमिनीची उपलब्धता आणि त्या त्या काळच्या गोळीची मर्यादा यांच्या ओढाताणीतून ती ठरत गेली. आणि स्पर्धेचे अंतर रोज मिळत नसेल तर सरावासाठी कोणते अंतर निवडावे, हा नेमबाजांचा जुना प्रश्नही याच ओढाताणीतून निर्माण झाला.

या इतिहासाचा सर्वांत ठळक भाग इंग्लंडमध्ये घडला. पायदळाच्या हाती 1853 च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल आली आणि ज्या अंतरावर पूर्वी गुळगुळीत नळीच्या बंदुकीने नेम धरणे हास्यास्पद ठरले असते, त्या अंतरावरही शिपायाकडून अचूकतेची अपेक्षा होऊ लागली. त्याच वर्षी केंट परगण्यातील हाइथ येथे स्थापन झालेल्या लष्करी नेमबाजी शाळेने शिक्षणाचा जो क्रम घालून दिला, त्यात शिकाऊ शिपायाने आधी जवळच्या पल्ल्यावर ठरावीक गुण मिळवायचे आणि मगच त्याला मधल्या व लांबच्या पल्ल्यावर न्यायचे, असा नियम होता. सरावाची अंतरे पायऱ्यांनी वाढवण्याची ही पद्धत पुढे नागरी नेमबाजीनेही उचलली.

फ्रान्सच्या आक्रमणाच्या भीतीने 1859 मध्ये इंग्लंडभर स्वयंसेवक दले उभी राहिली, त्यांच्या नेमबाजीला उत्तेजन देण्यासाठी नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली, आणि 1860 च्या जुलैमध्ये लंडनजवळच्या विंबल्डन कॉमनवर तिचा पहिला नेमबाजी मेळावा भरला. उद्घाटनाची गोळी राणी व्हिक्टोरियाने 400 यार्डांवरून झाडली. रायफल अर्थात जोसेफ व्हिटवर्थ यांनी आधीच यांत्रिक चौकटीत घट्ट बसवून ठेवलेली होती, त्यामुळे गोळी केंद्रापासून दीड इंचाच्या आत लागली याचे श्रेय राणीपेक्षा चौकटीलाच अधिक द्यावे लागते. राणीच्या नावाच्या पारितोषिकासाठी पहिली फेरी 300, 500 आणि 600 यार्डांवर, तर निवडक स्पर्धकांची दुसरी फेरी 800, 900 आणि 1000 यार्डांवर झाली. पहिल्या फेरीत लष्करी एनफिल्ड, तर दुसरीत षट्कोनी छिद्राची, अधिक अचूक व्हिटवर्थ रायफल वापरली गेली. म्हणजे पल्ला बदलला की हत्यारही बदलावे लागत होते.

सरावाची खरी अडचण येथूनच सुरू झाली. हजार यार्ड म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. एवढी मोकळी जमीन, तिच्या टोकाला गोळ्या अडवणारा मातीचा उंच बांध आणि बांधामागे पुन्हा निर्मनुष्य पट्टा, हे सारे प्रत्येक गावाच्या दलाला मिळणे शक्य नव्हते. साहजिकच बहुतेकांचा सराव दोनशे ते सहाशे यार्डांत होई. कोनाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही, कारण कोनाचा एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर यार्डांवर सुमारे एक इंच आणि हजार यार्डांवर सुमारे दहा इंच व्यापतो, आणि लक्ष्य त्याच प्रमाणात लहान केले तर नेम धरणाऱ्या डोळ्याला फरक जाणवत नाही. गोळीचे मात्र तसे नसते. हवेच्या विरोधाने तिचा वेग सतत घटत असल्यामुळे अंतर दुप्पट झाले की आडव्या वाऱ्याने ती दुप्पट नव्हे, तर चौपटीच्या आसपास ढळते, आणि गुरुत्वाकर्षणाने होणारी घटही तशीच वाढत जाते. म्हणून जवळच्या पल्ल्यावर शरीराची ठेवण, श्वासावरचा ताबा आणि घोडा ओढण्याची रीत शिकता येते; वारा वाचणे मात्र लांबच्या पल्ल्यावरच शिकावे लागते. नेमबाजांच्या पुढच्या सर्व पिढ्यांनी या दोहोंची सांगड कशी घातली, यातच सरावाच्या अंतरांचा इतिहास सामावलेला आहे.

अमेरिकेतील क्रीडमूरचा सामना या दृष्टीने बोधप्रद आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर 1873 मध्ये हे मैदान सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी, इंग्लंड व स्कॉटलंडच्या संघांना नमवून एल्को ढाल जिंकलेल्या आयरिश नेमबाजांशी तेथे 800, 900 आणि 1000 यार्डांवर सामना ठरला. न्यूयॉर्कच्या हौशी क्लबापाशी लांब पल्ल्याचा अनुभव फारसा नव्हता. परंतु सामन्याचीच अंतरे असलेले मैदान त्याच्या हाताशी होते. अमेरिकनांच्या रायफली मागून भरण्याच्या, तर आयरिशांच्या ठासणीच्या होत्या. अमेरिकनांनी 934 विरुद्ध 931 अशी बाजी मारली. एका आयरिश स्पर्धकाची गोळी शेजारच्या लक्ष्याच्या मध्यभागी लागून वाया गेली नसती तर निकाल उलटा लागला असता, हे मान्य करूनही मैदानाचा वाटा नाकारता येत नाही.

विंबल्डनभोवती वस्ती वाढली आणि भरकटणाऱ्या गोळ्यांचा धोका असह्य झाला, तेव्हा असोसिएशनने 1890 मध्ये आपले ठाणे सरे परगण्यातील बिस्ली येथे हलवले. तेथील सेंच्युरी मैदान 600 यार्डांपर्यंतचे, तर स्टिकलडाउन 1200 यार्डांपर्यंतचे आहे. मध्यम आणि लांब पल्ला यांतील भेद असा जमिनीतच कायमचा आखला गेला. राणीच्या त्याच पारितोषिकाच्या, म्हणजे आताच्या राजपारितोषिकाच्या, फेऱ्या आजही 300, 500, 600 आणि अखेरीस 900 व 1000 यार्डांवर होतात.

ब्रिटनने दक्षिण आफ्रिकेत लढलेल्या बोअर युद्धाने उलट दिशेचा प्रवाह सुरू केला. शहरांतील कामगारांना नेमबाजी शिकवावी असे वाटू लागले, पण त्यांच्यापाशी ना जमीन होती ना पैसा. त्यावर उपाय म्हणून स्वस्त .22 काडतुसाच्या छोट्या रायफलींचे क्लब 1901 पासून संघटित झाले आणि ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी त्यांचा हिरिरीने पुरस्कार केला. पंचवीस यार्डांच्या बंद दालनात, प्रमाणात लहान केलेल्या लक्ष्यावर बारमाही सराव होऊ लागला. वारा त्यातून पूर्णपणे वगळला गेला, पण पर्याय म्हणून स्वीकारलेले हे अंतर लवकरच स्वतंत्र खेळ बनले.

युरोप खंडात मात्र मीटरचे राज्य होते. स्वित्झर्लंडमध्ये नागरिक-सैनिकांच्या सक्तीच्या नेमबाजीमुळे 300 मीटर हे अंतर जनमानसात रुजले, आणि ऑलिंपिकमध्येही ते 1972 पर्यंत टिकले. पुढे जागतिक स्पर्धांचा भार .22 रायफलीच्या 50 मीटरवर आणि एअर रायफलीच्या 10 मीटरवर आला. एअर रायफल 1984 मध्ये ऑलिंपिकमध्ये दाखल झाली. जवळचे अंतर म्हणजे सोपे, हा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. दहा मीटरवरील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा, तर पन्नास मीटरवरील 10.4 मिलिमीटरचा असतो. परंतु छिद्राची कड वर्तुळाला स्पर्शली तरी गुण मिळत असल्यामुळे छऱ्याचा आणि गोळीचा व्यास मिळवून हिशेब केला, तर पन्नास मीटरवरील मुभा कोनाच्या मापाने दहा मीटरवरील मुभेच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी भरते, आणि वर वाऱ्याचा त्रास असतोच.

भारतात राष्ट्रीय रायफल संघटना 1951 मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद गणेश वासुदेव मावळणकर यांच्याकडे गेले. मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील घराण्याचे आणि अहमदाबादेत वकिली केलेले मावळणकर पुढच्याच वर्षी लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नवोदितांना राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडून देते. हजार यार्डांची चांदमारी येथे लष्कराच्याच ताब्यात राहिली. नागरी खेळ वाढला तो दहा मीटरमुळे, कारण तो एखाद्या सभागृहात मावतो आणि ठरावीक क्षमतेच्या आतील एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही. तरीही कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिक येथे मिळवलेले जगज्जेतेपद 50 मीटरवर पडून झाडण्याच्या प्रकारातील होते, आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांचे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक याच अंतरावरील तीन स्थितींच्या प्रकारात, म्हणजे गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने झाडण्याच्या प्रकारात, आले.